टाकव्याचं तबक

उन्हाळ्यात लोणावळ्याला जाऊन आलेला पुणेकर दोन गोष्टी बरोबर घेऊन येतो, एक चिक्कीचा पुडा आणि दुसरं तिथल्या हवेचं कौतुक. मी यंदा जाऊन आलो आणि दोन्हींतलं काहीच आणलं नाही. हवा छान असावी. पण ज्या बंगल्यात मी बसलो होतो तिथं वाळ्याच्या पडद्यांवर गडी पाणी मारत होता, आणि त्या गारव्यात एका गावाच्या पिकाचा निकाल लागत होता. त्यामुळे हवेकडे माझं लक्ष गेलं नाही. घरी विचारलं, कसा झाला प्रवास? मी म्हटलं, लिहून दाखवतो.

जे तिकडे गेलेले नाहीत त्यांना आधी कारण सांगायला हवं. ब्रह्मदेश परवापरवापर्यंत आपल्याच सरकारच्या हाताखाली होता. आता तो वेगळा काढला आहे. त्यामुळे रंगूनहून मुंबई बंदरात उतरणारा तांदूळ, जो कालपर्यंत घरचा होता, तो कायद्याने परका झाला. तो पूर्वीसारखाच मोकळा येऊ द्यायचा की त्यावर जकात बसवायची, असा प्रश्न निघाला. मुंबईचे व्यापारी म्हणतात, जकात बसवलीत तर गिरणीतल्या कामगाराच्या ताटातला भात महागेल. भात पिकवणारे म्हणतात, नाही बसवलीत तर आमचं भात कोणी विचारणार नाही. दोघांचंही खरं आहे, आणि अशा वेळी सरकार जे करतं तेच त्याने केलं. एक समिती नेमली. समितीने जाहीर केलं की भात पिकवणाऱ्यांचंही म्हणणं ऐकून घेतलं जाईल. ऐकण्यासाठी भर वैशाखात तिला जी जागा सोयीची वाटली ती लोणावळा.

मी एका साप्ताहिकात काम करतो. आमचे संपादक म्हणाले, मावळातून कोणी साक्षीला जात असेल तर त्याच्याबरोबर जा आणि जे होईल ते पाहून ये. मी निघालो. आमच्या घरी रंगूनचाच तांदूळ शिजतो. तुमच्याही शिजत असेल. स्वस्त आहे, भांडं भरून फुगतो, आणि आंबेमोहोर आपण पाहुण्यांसाठी डब्यात जपून ठेवलेला असतो. तेव्हा मी कोणाच्या बाजूचा म्हणून गेलो होतो, हे मला विचारू नका.

कान्ह्याच्या पुढे

वडगावला गाडीतून उतरलो. कान्ह्यापर्यंत एका बैलगाडीत जागा मिळाली, पुढे टाकवे बुद्रुकची वाट पायी. मावळाचं श्रावणातलं हिरवं रूप पाहून जे भाळतात त्यांनी एकदा वैशाखात यावं. डोंगर गवत करपून पिवळे पडलेले, खाचरं भेगाळलेली, आणि मधूनमधून जमिनीवर काळे चौकोन. ते राब. खाचराच्या कोपऱ्यात शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या अंथरून जाळतात आणि त्या भाजलेल्या मातीत भाताचं बी टाकून रोप करतात. त्या फांद्या डोंगरातून बायका डोक्यावर आणतात. भाताच्या एका ताटामागे अशा किती खेपा असतील, याचा विचार मी आजवर कधी केला नव्हता. त्या वाटेवर केला, आणि उन्हामुळे लवकरच सोडून दिला.

इंद्रायणीला पाणी घोट्याएवढंच होतं. दगडांवर पाय देत मी पलीकडे जात होतो, तेवढ्यात उजव्या वहाणेचा अंगठा तुटला आणि मी धोतरासकट पाण्यात बसलो. पलीकडच्या काठावर एक तरुण माणूस माझीच वाट पाहत उभा होता. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. पाण्यात उतरून त्याने मला हात दिला, आपली पायताणं काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "घाला भाऊ. ह्यो दगूड शेरातल्या वहाना बरुबर वळकतो."

हा म्हादू. टाकव्याच्या शिवराम आबांचा धाकटा मुलगा. आबा साक्षीला जाणार होते आणि त्यांनीच त्याला मला आणायला पाठवलं होतं. पुढची वाट तो अनवाणी चालला आणि मी त्याच्या पायताणांत. चालता चालता त्याने जे सांगितलं त्यावरून मला या प्रवासात काय पणाला लागलं आहे ते कळलं. त्याचा थोरला भाऊ मुंबईला बंदरावर हमाल आहे. जहाजातून उतरणारी रंगूनच्या तांदळाची पोती तो पाठीवर घेतो आणि संध्याकाळी त्याच तांदळाचा भात खातो. घरचं भात बाजारात पडून राहायला लागलं तेव्हा तो गेला. आता तो म्हादूला बोलावत होता. म्हादूचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, बायको घरी होती, राब भाजून तयार होता. जकात बसली तर बी टाकायचं आणि इथंच राहायचं. नाही बसली तर भावाच्या शेजारी पोती उचलायची. त्याने हे सगळं अशा आवाजात सांगितलं, जसं एखादा उद्या बैल कोणता जुंपायचा ते सांगतो.

शिवराम आबा ओसरीवरच बसले होते. उंच, वाळलेले, बोलणं कमी आणि पाहुण्यांचं अगत्य फार. माझं ओलं धोतर त्यांनी स्वतः दोरीवर टाकलं. मग आत वळून त्यांच्या मंडळींना, म्हणजे काशीमावशींना, पान वाढायला सांगितलं. आंबेमोहोराचा भात, वालाचं कालवण, लसूण घातलेली कैरीची चटणी. भात ताटात पडला तेव्हा वासाने ओसरी भरली. मावशी आग्रह करत नव्हत्या. त्या फक्त वाढत होत्या, आणि मी थांबलोच नाही. आमच्या घरी ज्या डब्याला पाहुण्यांशिवाय कोणी हात लावत नाही तो डबा मी त्या दिवशी जवळजवळ एकट्याने संपवला असेल.

देवळापुढे

दिवस कलताना गावची बैठक होती. लोणावळ्याला कोणी जायचं ते ठरवायचं होतं, पण त्याआधी दुसरंच एक काम निघालं. तळेगावचा एक माणूस आला होता. त्याला नदीकाठच्या गायरानात विटांची भट्टी घालायची होती आणि गावाची संमती हवी होती. देवळापुढच्या पारावर सगळे बसले. मध्ये एक पितळी तबक, त्यात करून ठेवलेले विडे. तळेगावकराने आपलं म्हणणं मांडलं. गावाला काम मिळेल, चार जणांची घरं चालतील, वगैरे. लोकांनी शांतपणे ऐकलं. कोणी त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली, कोणी विचारलं की तळेगावात पाणी कसं आहे. म्हादूने चहा आणून दिला. भट्टीबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. थोडा वेळ गेला. तळेगावकराने तबकाकडे पाहिलं, उपरणं झटकलं, सगळ्यांना हात जोडले आणि निघून गेला.

मला काहीच समजलं नाही. मी आबांना विचारलं, त्याला नाही असं का सांगितलं नाही? बिचारा ताटकळला.

"सांगितलं की," आबा म्हणाले. "तबक भरल्यालं न्हाई का दिसलं तुमाला?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. गावाला एखादी गोष्ट मान्य असली की ज्याचं त्याने आपल्या हाताने विडा उचलायचा. तबक रिकामं झालं म्हणजे झालं. कोणी हात लावला नाही म्हणजे ती गोष्ट संपली. दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, आणि आपण कोणाच्या दारी गेलो तर त्यालाही नाही. "मानसाचं त्वांड उतरतं भाऊ. परत कुनाच्या दारात कसा जाईल त्यो?" असं आबा म्हणाले. आमच्या पुण्यातल्या सभा माझ्या डोळ्यांपुढे आल्या. तिथं तोंडावर नाही म्हणण्यासाठीच माणसं घरून जेवून येतात, आणि शेवटी ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याचं ज्याने त्याने दुसऱ्या दिवशी वाचायचं. टाकव्याची रीत मला फार आवडली. मी तिचं मनापासून कौतुक केलं.

नंतर लोणावळ्याचा विषय निघाला. आबांनी बोलायचं, बाकीच्यांनी बरोबर बसायचं, असं ठरलं. या वेळी तबक एका दमात रिकामं झालं. म्हादूने सगळ्यांत शेवटी विडा उचलला आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला.

कामशेत

सकाळी आठ-दहा माणसं निघाली. धुतलेली धोतरं, पागोटी, आणि आबांच्या खांद्यावर नव्या फडक्यात बांधलेला आंबेमोहोर. कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून तो समितीसाठी घेतला होता. कामशेतला गाडीला अवकाश होता. स्टेशनच्या वाटेवर कासमभाईंचं तांदळाचं दुकान आहे. आबांची आणि त्यांची लहानपणापासूनची ओळख. दुकानात दोन ढीग होते, एक आंबेमोहोराचा आणि एक रंगूनचा. आंबेमोहोराच्या ढिगावर धूळ बसली होती.

कासमभाईंनी चहा मागवला. त्यांनाही साक्षीला बोलावलं होतं, पण ते जाणार नव्हते. मी कारण विचारलं तेव्हा सरळ म्हणाले, की मी दोन्ही विकतो, मी कोणत्या तोंडाने काय सांगू? लोक आंबेमोहोर हातात घेतात, वास घेऊन परत ठेवतात आणि रंगूनचा बांधून नेतात, यात माझा काय दोष? त्यांचा दोष नव्हताच. मी माझ्या घरच्या पोत्याची आठवण मनातल्या मनात दाबली.

निघताना मात्र ते आबांना म्हणाले, "आबा, तितं मोट्यानं बोला. त्या लोकांस्नी हळू बोललेलं ऐकू येत न्हाई." आबा हसले. म्हणाले, भाताबद्दल बोलायचं तर मी दिवसभर बोलेन. आणि खरोखर त्यांना कसलीच भीती वाटत नव्हती. सरकारने विचारायला बोलावलं आहे, आपण सांगायला चाललो आहोत, यात त्यांना घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. गाडीत ते खिडकीशी बसून वाटेतल्या खाचरांची मला ओळख करून देत होते.

लोणावळा

बंगला मुंबईच्या एका तांदूळ-व्यापाऱ्याचा होता. तो स्वतः समितीवर नव्हता, समिती फक्त त्याच्या खुर्च्यांवर बसली होती. बाहेर बोगनवेल, आत गालिचा. आमच्या मंडळींनी पायताणं पुढच्या पायरीवर एका ओळीत काढून ठेवली. व्यापाऱ्यांच्या साक्षी चालू होत्या, त्या सगळ्या इंग्रजीत. ते खुर्च्यांवर बसून बोलले, मधूनमधून हसले, एकाने तर अध्यक्षांना त्यांच्या गुडघेदुखीचंही विचारलं. अध्यक्ष गोरे, पेन्शनीत निघालेले, अत्यंत सभ्य गृहस्थ होते. ते कोणावर ओरडले असते तर मला हे सगळं सोपं गेलं असतं.

आमच्या मंडळींसाठी सतरंजी अंथरली होती. मी वर्तमानपत्रवाला म्हणून मागच्या भिंतीशी. समितीचे चिटणीस दादरकडचे मराठी गृहस्थ होते. इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी तेच करत होते. आबांनी तांदळाचं गाठोडं टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी मान लववून आभार मानले आणि ते आत स्वयंपाकघरात पाठवून दिलं.

आबा बोलले. सुरेख बोलले. राबापासून सुरुवात केली, लावणी, पाण्याची पाळी, झोडणी, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "सायेब, रंगूनचं तांदूळ जहाजातनं येतं. आमचं भात बायांच्या डोक्यावरनं येतं. त्याच्यावर थोडं वज्जं ठिवा, मंग कुनाचं खपतंय त्ये बगू. आमाला भीक नगं, बरोबरी पायजे."

चिटणीसांनी याचं इंग्रजी केलं. साक्षीदाराचं म्हणणं असं की लागवडीचा खर्च जास्त येतो. एवढंच. अध्यक्षांनी टिपून घेतलं. आतून भात शिजल्याचा वास यायला लागला होता. तो आंबेमोहोरच होता, बंगल्यात दुसऱ्या कशाला तसा वास नव्हता. समितीच्या जेवणाची तयारी चालू होती.

मग घरमालकाच्या गड्याने एक चांदीचं तबक आणून सतरंजीवर मध्यभागी ठेवलं. विडे, सुपारी, वेलदोडे. पाहुणचार म्हणून. आमची मंडळी सावरून बसली. त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं, कारण आता कामकाज त्यांच्या ओळखीच्या रीतीने चाललं होतं. अध्यक्ष बराच वेळ बोलले आणि चिटणीसांनी त्याचं मराठी केलं. "साहेबांचं म्हणणं असं आहे की जकात बसवल्याने गरिबांचा भात महागेल. त्याऐवजी सरकार मावळाला सुधारलेलं बियाणं देईल आणि भाताची शेती कशी करावी ते दाखवायला एक माणूस पाठवील. म्हणजे जकातीची गरज राहणार नाही. यावर तुमची काही हरकत आहे का?"

कोणी बोललं नाही. सगळ्यांचे डोळे तबकावर. आमच्यातल्या एका माणसाचा हात सवयीने वेलदोड्याकडे निघाला. आबा हळूच खाकरले आणि तो हात मागे आला. भिंतीशी बसून मला ते सगळं लख्ख दिसत होतं. टाकवे नाही म्हणत होतं. यापेक्षा ठाम नाही म्हणणं त्यांना माहीत नव्हतं. आणि टेबलापलीकडची माणसं त्यांच्या डोक्यांवरून पाहत होती, तबकाकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

"हरकत नाही ना?" चिटणीसांनी पुन्हा विचारलं.

आबांनी हात जोडले. तळेगावकराने जोडले होते तसेच, बैठक संपली म्हणून. अध्यक्षांनी हसून तसाच नमस्कार केला आणि चिटणीसांना इंग्रजीत सांगितलं की पिकवणाऱ्यांची हरकत नाही असं लिहा.

मी उभा राहिलो आणि इंग्रजीतून म्हणालो की त्यांची हरकत आहे. अध्यक्षांनी मला विचारलं की आपण भात पिकवता का? मी म्हटलं नाही. व्यापारी आहात का? नाही. मग त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं की साक्षीदारांना आपलं म्हणणं स्वतःच मांडू द्यावं, त्यासाठीच त्यांना बोलावलं आहे. मी खाली वाकून आबांना म्हटलं, आबा, तोंडाने बोला, नाही म्हणा. आबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. ज्याच्या घरात बसलो त्याच्यापुढे असला उद्धटपणा मी त्यांना करायला सांगावा, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. "बोललो की," ते पुटपुटले आणि उठले.

मी चिटणीसांना व्हरांड्यात गाठलं. तबकाची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली, हे खरं.

"मग मी काय लिहू?" ते म्हणाले. "सुपारी कोणी खाल्ली नाही, असं?"

"त्यांनी नकार दिला आहे, असं लिहा."

"अहो, दोनदा विचारलं मी. मराठीत विचारलं."

मी विचारलं, आणि ते तोंडाने नाही म्हणाले असते तर जकात बसली असती का? चिटणीसांनी इकडेतिकडे पाहिलं. ते वाईट मनुष्य नव्हते. "छे हो," ते हळू आवाजात म्हणाले. "अहवालात एक ओळ वाढली असती, इतकंच."

त्या एका ओळीसाठी ही माणसं धुतलेली धोतरं नेसून आली होती. मोठी मागणी नव्हती. आपण नाही म्हटलं, हे कुठंतरी राहावं. तेवढंही राहिलं नाही, आणि उलट त्यांच्या नावावर होकार चढला. मला त्या क्षणी अध्यक्षांचा राग आला, चिटणीसांचा आला, आणि खरं सांगायचं तर आबांचाही आला. इतकं सभ्य असण्याची काय गरज होती, असं मनात आलं.

बाहेर पडताना पुढच्या पायरीवर पायताणं नव्हती. समितीची जेवायची वेळ झाली म्हणून गड्यांनी ती उचलून मागच्या दाराशी, राखेच्या ढिगाजवळ नेऊन टाकली होती. पुढच्या दाराने आत गेलेलो आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्याच भाताचा वास येत होता. मंडळींनी पायताणं झटकली, घातली. कोणी तक्रार केली नाही.

परतीची वाट

गाडीत सगळे खुशीत होते. फडक्यातल्या भाकऱ्या निघाल्या, कांदे फुटले. चांदीचं तबक होतं, पण एकानेही विडा उचलला नाही, हे प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. ज्याचा हात वेलदोड्याकडे गेला होता त्याची सगळ्यांनी मनसोक्त थट्टा केली. म्हादू खिडकीतून डोकं बाहेर काढून बसला होता. रोप किती टाकायचं याचे त्याचे बेत चालले होते. आबा माझ्याशी थोडे घुश्श्यात होते, पण थोड्या वेळाने त्यांनीच भाकरीचा चतकोर माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "लिवा भाऊ, टाकव्यानं सरकारचं तबक परत धाडलं म्हनून."

कामशेतला उतरून टाकव्याची वाट धरेपर्यंत मी गप्प राहिलो. करवंदांच्या जाळ्यांपाशी सगळे थांबले, कोणी करवंदं तोडायला लागलं, आणि तिथं मी सांगितलं. त्यांनी लिहिलं आहे की तुमची हरकत नाही. जकात बसणार नाही, आणि ती तुमच्या संमतीने बसणार नाही.

म्हादूच्या ओंजळीत करवंदं होती. त्याने ती परत जाळीखाली टाकली. बाकीचे आबांकडे पाहू लागले. आबांना बराच वेळ ते पटेना. मी खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं, पण खरं बोलतो आहे हेही मानता येत नव्हतं.

"चांदीचं तबक व्हतं," ते म्हणाले. "त्यांनीच मधी आनून ठिवलं. आमच्या म्होरं ठिवलं. कशापायी ठिवलं मंग?"

मी म्हटलं, "खाण्यासाठी, आबा."

ते म्हणाले, उद्या परत जाऊन तोंडाने सांगतो. मी सांगितलं की समिती आजच मुंबईला परत निघाली असेल. उरलेल्या वाटेत आबांना मी प्रथमच म्हातारं होऊन चालताना पाहिलं. नदी ओलांडताना म्हादूने त्यांना हात दिला आणि त्यांनी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत ओसरीवर बसलो होतो. म्हादूने माझी वहाण दोऱ्याने शिवून आणून दिली होती. आबा खांबाला टेकून बसले होते. काशीमावशी आणि म्हादूची बायको दाराशी उभ्या होत्या. म्हादू आत गेला, घरातलं पितळी तबक घेऊन आला आणि त्याने ते सगळ्यांच्या मध्ये ठेवलं. विडे त्यानेच केले असावेत, कारण पानं नीट मुडपलेली नव्हती. तो म्हणाला, "मी ममईला जातो. दादानं बंदरावर बोलीवलंय."

कोणी हात पुढे केला नाही. आबांनी नाही, मावशींनी नाही. त्याची बायको तर दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तबक भरलेलं होतं. त्या घरात, त्या गावात, याच्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. तळेगावचा परका माणूससुद्धा हे पाहून उठून गेला होता. मी म्हादूकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा खाली बसेल.

म्हादू उभाच राहिला. त्याने एकेकाकडे पाहिलं आणि अगदी सावकाश विचारलं, "कुनाची काई हरकत हाये का?"

ओसरीवर सगळ्यांचे डोळे तबकावर.

"हरकत न्हाई ना?" त्याने पुन्हा विचारलं. आवाजही त्याने चिटणीसांसारखाच काढला होता. मस्करी म्हणून काढला असेल, असं मला वाटत नाही.

आबांचे ओठ हलले. जन्मात कधी तोंडाने उच्चारला नसेल असा तो शब्द त्यांच्या जिभेवर आलेला मला दिसत होता. मान हलत होती, आणि आवाज येत नव्हता. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"मंग निगतो," म्हादू म्हणाला. त्याने वाकून आबांच्या आणि आईच्या पायांना हात लावला, खुंटीवरचं गाठोडं घेतलं आणि पायऱ्या उतरला. पायताणं त्याने या खेपेला स्वतःच्याच पायांत घातली. काशीमावशींनी एक ओलं फडकं आणून तबकावर टाकलं, पानं सुकू नयेत म्हणून.